सुट्टीचा ब्लॉक : घरच्या शाळेची उन्हाळी सुट्टी आणि घराचे संकल्प

(मंडळाच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी संध्याकाळी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडेफार सावरून घेतले आहे.)



आरती झाली आहे आणि प्रसाद भाषणानंतर आहे. कार्यवाहांनी हा क्रम विचार करूनच लावलेला दिसतो. त्यामुळे मध्येच कोणी उठून जाणार नाही, एवढी खात्री मला आहे. मी काही वक्ता नाही. जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून रेल्वेत आलेला, रुळांवर उभा राहून काम करणारा माणूस आहे. आमच्या खात्यात बोलणे होते ते मुख्यतः वॉकी-टॉकीवर, आणि तेही मोठ्याने. आज हळू बोलण्याचा प्रयत्न करतो.

विषय मला काकूंनी दिला. मागच्या वर्षी महाप्रसादाच्या पंगतीत एका काकूंनी आमच्या सौ.ना विचारले, "तुमची मुले शाळेतच जात नाहीत, मग त्यांना उन्हाळ्याची सुट्टी कसली?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर लक्षात आले की प्रश्न अगदी बरोबर आहे. ज्यांची शाळाच घरी भरते त्यांची सुट्टी कोणी तरी ठरवावी लागते. शाळेची घंटा शिपाई वाजवतो. घरी ती कोण वाजवणार, आणि ती वाजल्यावर करायचे काय? या प्रश्नाशी आम्ही दोन-तीन वर्षे झगडलो. त्यात जे फसले आणि जे जमले ते आज सांगतो. ज्यांची मुले शाळेत जातात त्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल, कारण सुट्टीत प्रत्येक घर थोडीफार शाळाच होते.

प्रथम मुले घरी का शिकतात, ते थोडक्यात. माझी नोकरी अंबाला मंडळात. सहारनपूर, भटिंडा, सरहिंद आणि आता चंदीगड अशा बदल्या होत गेल्या. नकाशावर ही गावे फार लांब नाहीत, पण सहारनपूर उत्तर प्रदेशात, भटिंडा आणि सरहिंद पंजाबात, आणि चंदीगड केंद्रशासित. राज्य बदलले की पुस्तके बदलतात आणि शेजारपाजारची भाषाही बदलते. थोरलीने तिसरी संपेपर्यंत तीन शाळा पाहिल्या होत्या. मग २०२० साली करोना आला आणि शाळा मोबाइलवर आली. २०२१ मध्ये ऐन वर्षाच्या मध्यात पुन्हा बदली झाली, तेव्हा आम्ही ठरवले की एक वर्ष घरीच शिकवून पाहू. ते एक वर्ष अजून चालू आहे.

मी घरशिक्षणाचा प्रचार करायला उभा नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. घरी शिकवण्याची वेगळी तरतूद त्यात नाही, आणि घरी शिकवणाऱ्या पालकांना कसली शिक्षाही त्यात सांगितलेली नाही. तेव्हा ज्याने त्याने आपला विचार करावा. पुढे परीक्षेसाठी १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची व्यवस्था आहे. तिला आता एनआयओएस म्हणतात. तिथे दहावीच्या प्रवेशाला चौदा वर्षे पूर्ण लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे मराठी आणि पंजाबी या दोन्ही भाषा विषय म्हणून घेता येतात. बाकी ज्यांना विचारायचे असेल त्यांनी प्रसादानंतर भेटावे.

आता सुट्टीकडे येतो. २०२२ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा सुट्टीची उद्दिष्टे ठरवली. 'मी' ठरवली, हे लक्षात घ्या. आमच्या कार्यालयात दर महिन्याला प्रगतीचे कोष्टक भरावे लागते. तसेच कोष्टक मी घरासाठी केले. थोरलीसाठी आठ आणि धाकट्यासाठी सहा, एकूण चौदा उद्दिष्टे. तीसपर्यंत पाढे, रोज एक पान शुद्धलेखन, बारा सूर्यनमस्कार, दहा इंग्रजी शब्द, अशी यादी होती. पुढे तीन रकाने होते : उद्दिष्ट, साध्य आणि शेरा. कागद छापून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. पहिले तीन दिवस सगळे रकाने भरले. चौथ्या दिवसापासून 'साध्य' रिकामे राहू लागले. नवव्या दिवशी मी रात्री साडेनऊला घरी आलो तेव्हा सात वर्षांच्या धाकट्याने 'शेरा' या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते, "बाबा ड्यूटीवर आहेत."

मी त्याला रागावणार होतो, पण त्याने खोटे काहीच लिहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी सौ.नी तो कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशोब लिहायला घेतला. तो हिशोब मात्र महिनाभर नीट चालला.

हे का फसले, याचा विचार मला पुढे रुळावर उभा असतानाच सुचला. येथे जे रेल्वेतले आहेत त्यांना हे ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. रूळ तापला की लांब होतो. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि त्याचे तापमान दहा अंशांनी वाढले, तर तो साधारण साडेअकरा सेंटिमीटर वाढेल. पण आता रूळ जोडून अखंड केलेला असतो आणि स्लीपरला घट्ट बांधलेला असतो, म्हणून त्याला वाढता येत नाही. तो ताण आत साठत जातो. जूनमध्ये हवा ४५ अंशांवर गेली की रूळ ६० च्या आसपास जातो, आणि ताण फार झाला तर रूळ बाजूला वाकतो. म्हणून रूळ कोणत्या तापमानाला बांधायचा याचे नियम आहेत. जानेवारीच्या थंडीत कडक बांधलेला रूळ मेमध्ये त्रास देतो. वर्षभराच्या सरासरीपेक्षा थोड्या वरच्या तापमानाला तो ताणमुक्त करून बांधावा लागतो. तरीही ऊन फार वाढले की आमचे ट्रॅकमन दुपारच्या वेळी रूळ तपासत चालतात.

मी सुट्टीची उद्दिष्टे पहिल्या दिवशीच्या उत्साहात बांधली होती. एक मे रोजी घरातले सगळे ताजेतवाने असतात, मीही रजेवर होतो. पण पंचवीस मे रोजी दुपारी वीज गेलेली आहे, धाकट्याला घामोळे आले आहे आणि बाबा ड्यूटीवर आहेत, अशा दिवशी ते उद्दिष्ट टिकेल का, हे मी पाहिलेच नाही. उद्दिष्ट घरातल्या सर्वसाधारण दिवसाला झेपेल असे बांधावे, आणि अधूनमधून ते वाकते आहे का हे चालत जाऊन पाहावे. हा पहिला धडा.

दुसरा धडाही आमच्याच कामातला आहे. रुळाचे काम करायला आम्हाला ब्लॉक मिळतो, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या बंद ठेवतात. तीन तासांचा ब्लॉक मागितला आणि दोनच तास मिळाला, तर शहाणा इंजिनिअर दोन तासांचे काम काढतो. तीन तासांचे काम दोन तासांत घुसवले की ब्लॉक बर्स्ट होतो, मागे गाड्या अडकतात आणि सगळ्यांची बोलणी खावी लागतात. घरातही तसेच आहे. काय काय करायचे ते आधी ठरवण्यापेक्षा ब्लॉक किती मिळणार ते आधी मोजावे. आम्ही २०२३ मध्ये प्रामाणिकपणे मोजले. इथल्या उन्हात मुलांना बाहेर नेण्याची वेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेसहानंतर. दुपार झोपेची आणि लोळण्याची. सौ.ना स्वयंपाक, घर आणि शिकवण्या सांभाळून सकाळचा एक तास. मला आठवड्यातून दोन रात्री आणि रविवार, तोही ब्लॉक नसेल तर. एवढाच आमचा ब्लॉक. त्यात चौदा उद्दिष्टे कशी बसणार?

वेळ कमी आहे म्हणून काही होत नाही, असे मात्र म्हणायचे नाही. आपल्याच इतिहासातले एक घर पाहा. पंडिता रमाबाई १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते, आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. त्या घरात विद्यार्थी राहत, यात्रेकरू येत, सगळ्यांचे करता करता लक्ष्मीबाईंचा दिवस संपत असे. तेव्हा त्या पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्याआधी, पक्षी बोलू लागत त्या वेळी मुलीला उठवत आणि जवळ घेऊन तोंडी पाठ देत. पहाटेची तेवढीच वेळ त्या माउलीला मोकळी होती. पुढे हे कुटुंब देशभर यात्रा करत फिरले. ना शाळा, ना वर्ग. त्या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आपली मुले पंडिता व्हावीत असे माझे म्हणणे नाही. पण रोज येणारी लहान वेळ, आणि त्या वेळेला जवळ बसणारे माणूस, एवढ्यावर केवढे काम होते हे यातून दिसते.

दुसरे उदाहरण रमाबाई रानडे यांचे. १८७३ साली अकरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न झाले. न्यायमूर्तींना दिवसभर कोर्टाचे काम. तरी त्यांनी पत्नीला स्वतः शिकवायला घेतले. घरातल्या बायकांना ते पसंत नव्हते, त्यांची बोलणी रमाबाईंनी सोसली, पण शिकणे सोडले नाही. पुढे पुण्यात सेवासदनाचे एवढे मोठे काम त्यांनी उभे केले. घर ही शाळा असते तेव्हा त्या शाळेत मोठी माणसेही विद्यार्थी असू शकतात, हे मला या उदाहरणावरून पटले. आमच्या २०२२ च्या कोष्टकात दोन्ही मुलांची नावे होती. माझे आणि सौ.चे नाव नव्हते.

आता २०२३ ची सुट्टी सांगतो, कारण खरे शिकलो ते त्या वर्षी.

महाराष्ट्रात सुट्टी मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असते, आणि आपल्या इकडे ती साधारण जूनभर असते. त्यामुळे इकडची मुले सुट्टी लागल्यावर गावी पोहोचतात, तोवर तिकडे चुलत-मामे भावंडांची शाळा सुरू व्हायची वेळ झालेली असते. हा अनुभव आपल्या प्रत्येक घरात आहे. घरशाळेचा एक फायदा असा की सुट्टी आपण मे महिन्यातच लावू शकतो. आम्ही एक मे ते तीस जून सुट्टी जाहीर केली, अंबाल्याहून सचखंड पकडली आणि भुसावळला आईकडे गेलो.

माझी आई तेथे एकटी राहते. भाऊ नाशिकला. मी तिला रोज रात्री फोन करतो. "जेवलीस का?" "हो." "गोळी घेतलीस का?" "हो." "बरी आहेस ना?" "हो." एवढे झाले की मी समाधानाने झोपतो. भुसावळला एका संध्याकाळी भावाचा नाशिकहून फोन आला. थोरली आजीजवळच बसली होती. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "बाबा, आजीला फोनवर काही ऐकू येत नाही. काका विचारत होते, कोणती भाजी केली? आजी म्हणाली, हो."

मी आईला समोर बसवून विचारले. समोर बोलले, ओठ दिसले, तर तिला समजत होते. कानाचे यंत्र आणले होते, पण फोन कानाला लावला की ते शिटी वाजवते म्हणून तिने ते डब्यात ठेवून दिले होते. आणि रक्तदाबाची गोळी? पाकीट मोजले तर पंधरा दिवसांत सहा गोळ्या जास्त उरल्या होत्या. मी रोज विचारत होतो, ती रोज हो म्हणत होती, आणि विचारलेले तिला कळतच नव्हते. रुळाला गेलेला केसाएवढा तडा शोधायला आम्ही यंत्र लावतो. घरातला हा तडा मला कित्येक महिने दिसला नाही. तो अकरा वर्षांच्या मुलीला दिसला.

परत मुल्लानपूरला आल्यावर पंधरा मेच्या सुमारास आम्ही चौघे जेवणानंतर बसलो. या वेळी कोष्टक नव्हते, एक कोरा कागद होता. नियम सौ.नी सांगितला. प्रत्येकाने स्वतःसाठी एकच संकल्प स्वतः निवडायचा, दुसऱ्याने सुचवायचा नाही. आणि सगळ्या घराचा मिळून एक.

धाकट्याने निवडले : कालका-शिमला गाडीने जाऊन सगळे बोगदे मोजायचे. सौ.नी निवडले : गुरुमुखी वाचायला शिकायचे, म्हणजे बसची पाटी कोणाला विचारावी लागणार नाही. मी निवडले : आठवड्यातून चार रात्री आठ वाजता मुलांबरोबर जेवायचे. थोरली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला मराठीत पत्र लिहायचे आहे. आजीला पत्र ऐकावे लागणार नाही." मग घराचा संकल्प वेगळा शोधावा लागला नाही. दर रविवारी आजीला पत्र जाईल, लिहील ती, आणि खाली प्रत्येकाने निदान एक ओळ घालायची.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे. आपल्याला वाटते की मुलांची मराठी गेली. ती तेवढी गेलेली नसते. हिंदीमुळे देवनागरी लिपी मुलांना येतेच. अडते ते फार थोड्या ठिकाणी : 'ळ', 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या', 'चार' आणि 'चमचा' यांतले दोन वेगळे च, आणि हिंदीतून शिरलेले शब्द. 'ळ'चे तर गंमत म्हणजे पंजाबीतही तसाच उच्चार आहे. गल्लीत पंजाबी मुलांबरोबर खेळणाऱ्या आमच्या पोरांना 'बाळ' आणि 'केळे' म्हणायला कधीच त्रास झाला नाही, फक्त तो लिहायचा कसा हे दाखवावे लागले. तेव्हा मराठी वाचायला-लिहायला शिकवणे हा वर्षभराचा प्रकल्प नाही. मूल घरात मराठी बोलत असेल, तर एका सुट्टीचे काम आहे.

पहिले पत्र चार ओळींचे होते. पोस्टकार्डाला तेव्हा पन्नास पैसे आणि अंतर्देशीय पत्राला अडीच रुपये पडत. आम्ही अंतर्देशीय आणले आणि त्यातली तीन पाने मोकळीच गेली. तिने लिहिले होते, "प्रिय आजी, इथे खूप गर्मी आहे. मी सकाळी सायकल चालवते. तू गोळी घेतली का? पत्रात सांग." मी चुका दुरुस्त करायला पेन उचलले. सौ.नी ते माझ्या हातून काढून घेतले आणि म्हणाल्या, "पत्र आजीला आहे. तपासायला तुमच्याकडे आलेले नाही." पत्र तसेच गेले.

बारा दिवसांनी उत्तर आले. आईचे शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर थरथरते, ओळी खाली उतरत जाणाऱ्या. तिने लिहिले होते, "गर्मी नाही ग, उकाडा म्हण. पण पत्र समजले. तीनदा वाचले. गोळी घेतली. फोनवर मला काही कळत नव्हते, पण तुझ्या बाबाला वाईट वाटेल म्हणून मी हो म्हणत होते." आणि अगदी खाली, "तुमच्या कागदावर माझे पण नाव लिहा. मी दर पत्रात एक जिन्नस कसा करायचा ते लिहीन."

कागदावर पाचवे नाव लिहिले. त्या सुट्टीत इथून सहा पत्रे गेली आणि तिकडून पाच आली. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, बिबडे आणि फौजदारी डाळ, असे पाच जिन्नस आमच्याकडे तिच्या हस्ताक्षरात आहेत. थोरलीने जून महिन्याचे मोठ्या अक्षरांतले कॅलेंडर करून आजीला पाठवले, गोळी घेतली की चौकटीत खूण करायची. महिना संपल्यावर आईने ते परत पाठवले. दोन चौकटी रिकाम्या होत्या, आणि त्यांच्याखाली लिहिले होते, "विसरले." ते वाचून मला बरे वाटले. फोनवरच्या 'हो'पेक्षा कागदावरचे 'विसरले' जास्त भरवशाचे होते.

बाकीच्या संकल्पांचे काय झाले, तेही खरे सांगितले पाहिजे. धाकट्याला घेऊन जूनमध्ये कालक्याहून शिमल्याला गेलो. ९६ किलोमीटरची ती लाइन १९०३ साली सुरू झाली. रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. २००८ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. बोगदे १०२, आणि प्रत्येकावर नंबर लिहिलेला. पोरगा वहीत खुणा करत बसला होता. बडोगच्या सव्वा किलोमीटरहून थोड्या कमी लांबीच्या बोगद्यात त्याने कान झाकून घेतले. पुढे त्याला झोप लागली. शिमल्याला उतरल्यावर त्याच्या वहीत ८७ बोगदे होते. पण शेवटच्या बोगद्यावर १०३ नंबर पाहून त्याने मला अडवले, "बाबा, तुम्ही तर १०२ म्हणाला होता!" कारण असे की ४६ नंबरचा बोगदा आता नाही, पण नंबर पुढे तसेच चालू राहिले. हे मी त्याला आधी सांगितले असते तर तो विसरला असता. आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगतो.

सौ. गुरुमुखीची पस्तीस अक्षरे तीन आठवड्यांत शिकल्या. येथे त्यांना 'पैंती' म्हणतात. पाटी वाचण्यासाठी शिकल्या, पण मिळाले त्याहून मोठे. आपले संत नामदेव पंजाबात आले, गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्यांचे ठिकाण, आणि २०१५ साली तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, हे आपल्याला माहीत आहे. गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदे आहेत. ती आता सौ. गुरुमुखीत स्वतः वाचतात. आपण येथे परके नाही, हे मला त्या दिवशी जितके जाणवले तितके इतक्या वर्षांच्या नोकरीत जाणवले नव्हते.

आणि माझा संकल्प फसला. पहिले दोन आठवडे चार रात्री आठला घरी आलो. मग उन्हाळ्याची गस्त, मग रात्रीचे ब्लॉक. तिसऱ्या रविवारी आम्ही कागद घेऊन बसलो तेव्हा मी कारणे सांगू लागलो. थोरली म्हणाली, "बाबा, चारचे दोन करा ना. दोन झाले तर आम्हाला तुम्ही कधी येणार ते कळेल. चारमध्ये आम्ही रोजच वाट बघतो." काम झाल्यावर आम्ही रुळावर गाड्या आधी कमी वेगाने सोडतो, मग हळूहळू वेग वाढवतो. हे मला माझ्या मुलीने घरासाठी सांगावे लागले. दोन रात्री जमल्या. २०२४ च्या सुट्टीत तीन जमल्या.

मंडळी, प्रसाद थंड होतो आहे, तेव्हा आवरते घेतो. पुढच्या सुट्टीत कोणाला करून पाहायचे असेल तर आमचा अनुभव एवढाच. आधी घरातला मोकळा वेळ प्रामाणिकपणे मोजावा. प्रत्येकाने एकच संकल्प घ्यावा आणि तो स्वतः निवडावा. आईवडिलांची नावे त्याच कागदावर असावीत, कारण मुले आपले ऐकतात त्यापेक्षा आपल्याकडे पाहतात जास्त. घराचा एक संकल्प घराबाहेरच्या कोणासाठी तरी असावा. असा कोणी नाही असे घर आपल्यात नसेल. आपण सगळे कोणाला तरी मागे ठेवूनच इकडे आलो आहोत. रविवारी पंधरा मिनिटे बसून काय झाले, काय अडले आणि काय कमी करायचे, एवढेच विचारावे. गुण देऊ नयेत. आणि दुपार मोकळी ठेवावी. "कंटाळा आला" असे मूल म्हणाले तर लगेच उठून काही देऊ नये. आमच्या थोरलीला आजीचे 'हो' ऐकू आले ते ती काही न करता आजीजवळ बसली होती म्हणून. त्या वेळी तिच्यासमोर पाढ्यांचे कोष्टक असते तर कदाचित ते आम्हाला आजही कळले नसते.

आता आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. थोरली हल्ली पत्र ठसठशीत अक्षरांत लिहिते, एका पानावर आठच ओळी. तिकडून उत्तर येते ते दोन-तीन ओळींचेच असते. जिन्नस लिहिणे आता तिला होत नाही, म्हणून यंदाच्या सुट्टीत घराचा संकल्प उलटा झाला : आम्ही तिचा एक एक जिन्नस करायचा आणि कसा झाला ते तिला लिहून कळवायचे. बिबडे आमचे दोनदा बिघडले. तेही कळवले. उत्तर आले, "पुन्हा करा."

गणपती ही विद्येची देवता. त्याच्यासमोर उभे राहून एवढेच मागतो, की आपल्या मुलांच्या शाळा कुठेही भरोत, घरात एक तरी पाठ रोज चालू राहो, आणि त्या वर्गात आपणही बसलेले असू.

गणपती बाप्पा मोरया!